वही धरून उभ्या राहिलेल्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण अशीही शिकवणारी माणसं असतात हे इतरांना कळायला हवं.

ऑर्सन वेल्सने दिग्दर्शित केलेल्या ‘टच ऑफ इव्हिल’ (१९५८) या चित्रपटाच्या पहिल्या दृश्याचं विश्लेषण घेऊन मी आधी बऱ्याच जणांकडे गेलो होतो. सगळीकडे तेच: लाँग टेक (मध्ये न कापता घेतलेला लांब शॉट) लिही, क्रेन शॉट (क्रेनवर कॅमेरा चढवून घेतलेला शॉट) लिही, मार्क मिळतील. कॅमेरा छपरांवर का जातो, असं विचारलं की ‘भव्यता दाखवायला’ म्हणायचे आणि घड्याळाकडे बघायचे. शिकवणाऱ्यांना साध्या प्रश्नाचा इतका कंटाळा यावा, याचा राग अजून मनातून गेलेला नाही.

तुम्ही मात्र काहीच समजावलं नाहीत. बॉम्ब गाडीच्या डिकीत ठेवला जाईपर्यंत पाहू दिलंत, मग शॉटच्या नावांनी भरलेली माझी वही उचलून, चित्र झाकलं जाईल अशी स्क्रीनसमोर उभी धरलीत. "आता गाडी कुठे आहे, ते सांग."

संकलक वॉल्टर मर्च यांनी वेल्सने स्टुडिओला लिहिलेल्या ५८ पानी टिपणावरून १९९८ साली पुन्हा संकलित केलेली आवृत्ती होती ती. स्टुडिओने या शॉटवर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत चढवलं होतं. ते निघाल्यावर रस्ता ऐकू यायला लागतो. एका दारातून गाणं येतं, विरतं, पुढच्या दारातून दुसरं येतं आणि त्या गर्दीत गाडीचा रेडिओ. तो जवळ आला की माझ्या पोटात गोळा यायचा. "लांब गेली... थांबली... परत आली," मी सांगत होतो. सीमानाक्यावर गाडीतली तरुणी म्हणते, डोक्यात टिकटिक वाजतेय. तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. ते वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकलं. जवळजवळ तीन मिनिटं तुमचा हात तसाच होता. भरून आला असेल. वही हलली नाही.

मग चित्रासकट पाहिलं आणि कॅमेऱ्याचं वागणं उलगडलं. तो गाडीला सोडून पायी चाललेल्या नवविवाहित जोडप्याच्या पुढे पुढे सरकतो, कारण बॉम्बचं आपल्याला माहीत आहे आणि त्या दोघांना नाही. मध्ये कट नाही, म्हणजे बॉम्बची मिनिटं तीच आपली मिनिटं. स्फोटाचा आवाज येतो तेव्हा कुठे कट होतो.

उत्तर ठाऊक असताना गप्प राहून समोरच्याला तिथवर पोचू देणं, यात केवढा मोठेपणा आहे! तुमचा माझ्याशी काही संबंध नव्हता, माझ्याकडून काही मिळायचंही नव्हतं. असा चांगुलपणा मोठ्या पदांवर बसलेल्यांत मला दिसला नाही, म्हणून तुमचं नाव न घेता का होईना, हे जाहीरपणे सांगतोय.

आता दोन्ही आवृत्त्यांतल्या आवाजांची तुलना लिहायला घेतली आहे. झाली की पहिली प्रत तुम्हालाच पाठवतो. जिथे पटणार नाही तिथे लाल पेन चालवा.

तुमचा कृतज्ञ,
एक विद्यार्थी