स्मार्ट उपकरणांच्या खोक्यावर सुरक्षेची मुदतही छापा

संपादक महोदय,

राजकोटच्या एका प्रसूतिगृहात तपासणीसाठी आलेल्या स्त्रियांचे सीसीटीव्ही चित्रण समाजमाध्यमांवरून विकले जात असल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये उघडकीस आले, तेव्हा अटक झालेल्यांत आपल्या लातूर आणि सांगलीचे तरुणही होते. संताप उसळला आणि ओसरलाही. मात्र त्या यंत्रणेचा पासवर्ड ‘ॲडमिन१२३’ असा, कोणीही सहज ओळखावा इतका उघड होता, या नंतर पुढे आलेल्या तपशिलाची म्हणावी तशी चर्चा झाली नाही. माझ्या मते दुखणे नेमके तिथेच आहे.

हा धोका नवा नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाचा घातक प्रोग्रॅम इंटरनेटवरचे पत्ते एकामागून एक चाचपत, कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र) आणि राउटर यांच्यावर कारखान्यातून येणाऱ्या साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या लावून पाहत असे आणि जे उपकरण उघडेल ते ताब्यात घेत असे. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच बळकावलेल्या उपकरणांनी संकेतस्थळांचे इंटरनेटवरचे पत्ते शोधून देणाऱ्या ‘डिन’ या अमेरिकी कंपनीच्या सर्व्हरवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास असंख्य लोकांना मिळेनाशा झाल्या. उपकरण बंद करून पुन्हा सुरू केले की तो प्रोग्रॅम पुसला जाई, पण पासवर्ड तोच राहिल्यामुळे थोड्याच वेळात पुन्हा आत शिरे. मालकाला याची गंधवार्ताही नसे, कारण कॅमेरा नेहमीसारखा चालूच असे.

आपल्याकडे गृहनिर्माण संस्थांत हे काम कसे चालते ते मी जवळून पाहिले आहे. कॅमेरे बसवणारा तंत्रज्ञ डीव्हीआर राउटरला जोडतो, घराबाहेरून चित्र दिसावे म्हणून राउटरमध्ये एक वाट उघडून ठेवतो, सचिवांच्या मोबाइलवर ॲप टाकून देतो आणि बिल घेऊन निघून जातो. आमच्या संस्थेत ठेवलेला पासवर्ड त्याच्या सगळ्या ग्राहकांकडे तोच होता आणि काम संपून बरेच महिने उलटल्यावरही आमच्या जिन्याचे, वाहनतळाचे चित्र त्याच्या मोबाइलवर दिसत होते. त्याच्या मनात काही वाईट नसेलही. पण त्याचा मोबाइल हरवला, तर सगळ्या इमारतींची दारे एकदम उघडी पडतील.

केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये अधिसूचना काढून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षा चाचणी बंधनकारक केली, हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु आधीच भिंतींवर लागलेल्या कॅमेऱ्यांचे काय, आणि स्मार्ट टीव्ही, दाराची घंटा, बाळाच्या खोलीतला मॉनिटर, वायफायवर चालणारे प्लग यांचे काय? ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून अशा घरगुती उपकरणांना सरसकट एकच पासवर्ड देऊन विकण्यास कायद्याने मनाई आहे, आणि सुरक्षा अपडेट किमान किती काळ मिळतील हे उत्पादकाला जाहीर करावे लागते. सिंगापूरने तर २०२० मध्येच उपकरणांवर सुरक्षेची श्रेणी दाखवणारे लेबल सुरू केले.

यातली अपडेटची मुदत मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ग्राहकाने पासवर्ड कितीही काळजीपूर्वक बदलला, तरी उपकरणाच्या सॉफ्टवेअरमधली चूक त्याला दुरुस्त करता येत नाही; ते काम उत्पादकाचेच आहे, आणि त्याने ते थांबवले की चांगले चालणारे उपकरणही असुरक्षित होते. फ्रिज घेताना आपण विजेच्या बचतीचे तारे पाहतो, औषध घेताना मुदत पाहतो. मग बाराशे-पंधराशे रुपयांच्या कॅमेऱ्याच्या खोक्यावर ‘सुरक्षा अपडेट अमुक महिन्यापर्यंत’ एवढी ओळ ठळक छापणे कोणत्याही कंपनीला जड जाऊ नये. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने हे सक्तीचे करावे आणि ग्राहक संघटनांनी त्याचा पाठपुरावा करावा.

राज्याच्या सहकार विभागाला मात्र नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. कॅमेऱ्यांचे काम पूर्ण होताना नवा पासवर्ड संस्थेने स्वतः ठेवावा, बसवणाऱ्याचा प्रवेश बंद केल्याची लेखी नोंद घ्यावी आणि चित्रण कोण कोण पाहू शकते याची यादी व्यवस्थापन समितीने सभासदांना दाखवावी, असे परिपत्रक उपनिबंधकांमार्फत सर्व गृहनिर्माण संस्थांना पाठवावे, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पुणे