बारला तेल येत नाही म्हणून मशीन भंगारात काढू नका

संपादक महोदय,

मे महिना आला की आमच्या श्रीवर्धनकडचे बागायतदार पडवीतली चेन-सॉ, म्हणजे झाडं कापायची साखळी-करवत, बाहेर काढतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आडव्या झालेल्या माड-पोफळी याच मशीननी कापून आम्ही वाड्या मोकळ्या केल्या. त्यातली बरीच आता ‘बारला तेल येत नाही’ म्हणून माझ्याकडे दुरुस्तीला येतात. बार म्हणजे ज्याच्या कडेने चेन फिरते ते लांब पातं; त्याला टाकीतून पंपाने तेल मिळत राहावं लागतं. ‘पंप गेला, नवीनच घ्या’ असं मालकाला आधीच कुणीतरी सांगितलेलं असतं. बहुतेक वेळा ते खरं नसतं, म्हणून हे पत्र.

पंपाकडे मी सगळ्यात शेवटी वळतो. आधी बार उतरवून त्याचं तेलाचं भोक आणि खाच बारीक तारेने साफ करायची. माडाचा काथ्यासारखा भुसा तेलात भिजून तिथे नमद्यासारखा घट्ट बसतो. बार-चेन काढलेली असताना मशीन जरा रेस करून बॉडीच्या भोकातून तेल पाझरलं, तर पंप ठणठणीत आहे, दोष बारचा. तेल नाहीच आलं तर टाकीचं झाकण किंचित सैल करून पाहा. तेवढ्याने आलं तर टाकीत हवा जाण्याची वाट बुजलेली आहे. पुढे टाकीतली गाळणी आणि रबरी नळी. जुनी नळी बारीक चिरली की पंप तेलाऐवजी हवाच ओढतो.

एवढं करूनही कोरडंच, तर मग क्लच खोलायचा. बहुतेक मशीनमध्ये त्याचे आटे उलटे असतात, आणि इथेच लोक छिन्नी-हातोडा घेतात. कृपया असं करू नका. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये दोरी सारली की पिस्टन अडतो आणि क्लच पान्याने सुटतो. मागे पंप फिरवणारा वर्म गियर दिसेल. पुष्कळ मशीनमध्ये तो प्लॅस्टिकचा असतो आणि त्याचेच दाते झिजलेले असतात. नव्या मशीनपुढे त्याची किंमत काहीच नाही.

दुरुस्तीनंतर बारचं टोक पोफळीच्या वाळक्या विरीसमोर (झावळीच्या बुडाचं रुंद आवरण), न टेकवता, धरून रेस करा. विरीवर तेलाची बारीक रेघ उठली पाहिजे. कोरडी चेन तापते, बार निळा पडतो, आणि चेन तुटली तर धोका चालवणाऱ्याच्या जिवाला आहे.

कळकळीने आणखी एक सांगतो. टाकीत इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल घालू नका. त्यातला धातूचा कीस पंप खातो. शिवाय बारचं तेल टाकीत परत येत नाही, चेनवरून उडून सगळं मातीत जातं. आपल्या वाडीतच आपली विहीर आहे.

नव्या यंत्रांना अनुदान मिळतं, ते मिळावंच. पण जुन्या मॉडेलचे सुटे भाग आणि ते बसवणारे हात यांचं काय? दापोलीच्या कृषी विद्यापीठाने आणि तालुक्यांच्या आयटीआयनी पावसाआधी गावोगाव दुरुस्तीचे वर्ग घ्यावेत. आमच्या गावात वर्ग ठेवला तर माझ्या दुकानाची जागा, हत्यारं आणि शिकायला खोलून ठेवलेली जुनी मशीनं मी विनामूल्य देईन.

– एक मशीन दुरुस्ती कारागीर, श्रीवर्धन (रायगड)