बाहेरचं तापमान उणे ४०: काकांना आभाराचं पत्र

काका, सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानले की तुम्ही हात झटकता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. गाडीच्या याच दुखण्याने हैराण झालेल्या आणखी कुणाचे पैसे वाचले तर उत्तमच.

बाहेर रणरणतं ऊन आणि माझ्या स्पोर्ट्स कारच्या डिस्प्लेवर उणे ४०! (सेल्सियस म्हणा की फॅरनहाइट, उणे ४० दोन्हींत एकच; सेटिंग बदलूनही सुटका नव्हती.) नुसता आकडा चुकला असता तर मी हसून सोडून दिलं असतं. पण बाहेर कडाक्याची थंडी आहे असं समजून गाडीचा कॉम्प्युटर एसीचा कॉम्प्रेसर चालूच होऊ देत नव्हता. वर्कशॉपमध्ये सांगितलं, बाहेरचं तापमान मोजणारा सेन्सर सुटा मिळत नाही, वायरिंगसकट बदलावा लागेल, त्यासाठी पुढचा बंपर उतरवावा लागेल. स्पोर्ट्स कार म्हटलं की बिलाला आपोआप एक शून्य जास्त लागतं, हे मला ठाऊक होतं. तरी तो अंदाजपत्रकाचा कागद पाहून घाम फुटला.

तुम्ही तो कागद बाजूला ठेवलात आणि विचारलंत, "सेन्सर खराब आहे की वायर, हे कुणी मोजलं का?" कुणीच मोजलं नव्हतं.

ग्रिलच्या मागे हात घालून तुम्ही कनेक्टर सोडवलात. आत दोनच वायरी. हा साधा थर्मिस्टर, तापमान वाढलं की याचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) कमी होतो, असं समजावत मल्टिमीटर लावलात. रीडिंग काहीच नाही, सर्किट उघडं, म्हणजे आतून तुटलेलं. रेझिस्टन्स अमर्याद म्हणजे गाडीच्या हिशेबी थंडीही कमाल, म्हणून तो उणे ४०. मग इग्निशन बंद करून गाडीकडच्या कनेक्टरच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडल्यात. पुन्हा चालू केल्यावर आकडा थेट वरच्या टोकाला! म्हणजे वायरिंग ठणठणीत, दोष फक्त सेन्सरच्या टोकाच्या त्या मण्यात, म्हणजे थर्मिस्टरमध्ये. या सर्किटमध्ये करंट नगण्य असतो म्हणून हे चालतं, दुसऱ्या कुठल्या कनेक्टरवर असला प्रयोग करायचा नाही, हा दमही दिलात. तो इथे मुद्दाम लिहितोय.

यापुढचं जे केलंत त्याला मात्र तोड नाही. सेन्सर मेलेला, त्यावर नंबर नाही, मग थर्मिस्टर कितीचा घ्यायचा? मी मॅन्युअल शोधायला लागलो, तुम्ही डबीतून साधे रेझिस्टर काढलेत. १० किलोओहमचा लावला, डिस्प्लेवर २५. ३३चा लावला, आकडा शून्याच्या आसपास. ४.७चा लावला, ४३. गाडीला काय हवंय ते तुम्ही गाडीकडूनच वदवून घेतलंत! २५ अंशांना १० किलोओहम, बीटा (तापमानाबरोबर रेझिस्टन्स किती झपाट्याने बदलतो, तो आकडा) ३९५०. अगदी सर्रास मिळणारा थर्मिस्टर निघाला. (प्रत्येक गाडीत हेच आकडे असतील असं नाही, पण शोधायची रीत हीच.)

नवा मणी आधी बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून त्यात बुडवून तपासलात, आणि मगच सोल्डरिंग आयर्न तापवलंत. जुन्या सेन्सरचं टोक कापून दोन वायरी मुद्दाम कमी-जास्त लांबीच्या ठेवल्यात, म्हणजे दोन्ही जोड समोरासमोर येऊन शॉर्ट व्हायला नकोत. प्रत्येक जोडावर बारीक हीट-श्रिंक (तापवली की आवळणारी नळी), वरून आतून गोंद असलेली जाड नळी, आणि मण्यावर इपॉक्सीचा पातळ थर. मी आणखी थापायला निघालो तर म्हणालात, "त्याला हवा कळू दे की!" जाड थर दिला तर तापमान उशिरा कळतं, हे तेव्हा डोक्यात शिरलं. बसवतानाही मूळच्या क्लिपमध्येच बसवलात, कारण रेडिएटरची गरम हवा लागली तर मणी चांगला असूनही आकडा खोटाच येणार.

आणि जोडल्या जोडल्या आकडा जागचा हलेना तेव्हा माझा चेहरा पडला होता, तुम्ही मात्र निवांत होतात. उभ्या गाडीत इंजिनाच्या उष्णतेने आकडा फसू नये म्हणून बऱ्याच गाड्या तो हळूहळू बदलतात, जरा फिरवून आण म्हणालात. फिरवून आणेपर्यंत आकडा जागेवर आला आणि वाटेतच एसीही गार हवा देऊ लागला.

खर्च झाला तो मणी, नळीचा तुकडा आणि चिमूटभर इपॉक्सी एवढ्याचाच. मजुरी तुम्ही घेतली नाहीत, हा हट्ट मला अजून पटलेला नाही.

आता एक विनंती. माझ्या मित्राच्या गाडीत उलट तक्रार आहे: पहाटेच्या गारव्यातही आकडा भलताच गरम. कनेक्टरमध्ये पाणी शिरून दोन पिनांमधून करंट झिरपत असेल, असं मला वाटतं. आधी तो सुकवून, साफ करून बघ, असं त्याला सांगितलंय. तेवढ्यानं भागलं नाही तर त्याला तुमच्याकडे घेऊन येतो. मल्टिमीटर या वेळी मी धरतो.

तुमचा,
गाडीवाला पुतण्या