बोटं गेली प्रेसमध्ये, कागदावर मात्र चेनमध्ये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या अंकात अधूनमधून दोन ओळींची बातमी असते : 'यंत्रात हात अडकून कामगार जखमी'. वय, एमआयडीसीचं नाव, पोलिसांत नोंद, बस्स. त्या कामगाराचं पुढे काय झालं हे कधी वाचायला मिळत नाही. मी भोसरी परिसरात अठ्ठावीस वर्षं प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्राने पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या कारखान्यांत काढली, शेवटची अकरा सुपरवायझर म्हणून. पुढे काय होतं ते मला माहीत आहे. एकदा तर ते माझ्याच तोंडून झालं.

२०२१ची गोष्ट. लातूरकडचा पंचवीस वर्षांचा मुलगा, ठेकेदाराकडून आलेला, पगार १४ हजार. हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर प्रेसला होता, पण सेन्सरमुळे मशीन सारखं थांबतं, प्रॉडक्शन निघत नाही, म्हणून तो बायपास करून, म्हणजे निकामी करून ठेवलेला. रात्रपाळीत तयार जॉब काढताना प्रेसने डबल स्ट्रोक मारला, म्हणजे ती आपोआप दुसऱ्यांदा खाली आली, आणि पोराची डाव्या हाताची दोन बोटं गेली. मी त्याला गाडीत घातलं आणि वाटेत मालकांना फोन लावला. त्यांनी पढवलेलं वाक्य मी दवाखान्यात जसंच्या तसं सांगितलं : "मोटारसायकलच्या चेनमध्ये बोटं अडकली." डॉक्टरांनी लिहून घेतलं. पोरगा वेदनेने कण्हत होता, त्याला कोणी विचारलंच नाही.

महिन्याभराने त्याला ४० हजार रोख मिळाले. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर 'माझी कोणतीही तक्रार नाही' असं लिहून घेतलं, खाली साक्षीदार म्हणून माझी सही. दवाखान्याचं बिलही मालकांनीच भरलं होतं, त्यामुळे माणूस दिलदार आहे असंच आम्हा सगळ्यांचं मत पडलं.

निवृत्तीनंतर एका युनियनवाल्या मित्राने मला १९२३चा भरपाई कायदा वाचायला दिला. त्यात परिशिष्ट आहे आणि त्यात बोटांचा भाव लावलेला आहे, दुसरा शब्द मला सुचत नाही. अख्खा अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली, तर्जनी १४, करंगळी ७, एका हाताची दोन बोटं गेली तर २०. हिशेब असा : पगाराचे ६० टक्के, गुणिले वयानुसार ठरलेला आकडा, आणि त्यावर ही टक्केवारी. पंचविसाव्या वर्षासाठी तो आकडा २१६.९१ आहे. मी कॅल्क्युलेटरवर तीनदा करून पाहिलं. ८,४०० गुणिले २१६.९१, त्याचे २० टक्के : ३ लाख ६४ हजार ४०८ रुपये. आम्ही दिले ४० हजार.

शिवाय ती रक्कम महिन्याच्या आत द्यायची होती. नाही दिली तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. कामगार ठेकेदाराचा असला तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही. आणि आमचा तो स्टॅम्पपेपर? कामगाराने भरपाईचा हक्क सोडला असा करार कायद्याने मुळातच रद्द. तडजोड करायचीच असेल तर ती या कायद्याखालच्या भरपाई आयुक्तांकडे नोंदवावी लागते. पण चेनमध्ये बोटं अडकलेल्या माणसाला हे सगळं लागू कसं होणार?

ईएसआयचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं काय, असं कोणी विचारील. आमच्याकडे कागदावर नऊच माणसं होती. दहावा दाखवला की ईएसआय लागू होतं. ते असतं तर या पोरासाठी मालकांना महिन्याला ३.२५ टक्के, म्हणजे ४५५ रुपये भरावे लागले असते, आणि पोराच्या पगारातून १०५ कापले गेले असते. कामावरच्या अपघाताला ईएसआयमध्ये किती महिने वर्गणी भरली हे पाहत नाहीत, पहिल्या दिवसापासून हक्क असतो. घरी बसण्याच्या काळात ९० टक्के पगार आणि नंतर साधारण अडीच हजार रुपये महिना, तेही जन्मभर. ४५५ रुपये वाचवायला हे घालवलं.

'गार्ड त्यानेच काढला, चूक त्याचीच' हे वाक्य मी बऱ्याच शॉपमध्ये ऐकलं आहे. गार्ड म्हणजे हात वाचवायला मशीनला लावलेलं संरक्षण. कामगाराने जाणूनबुजून गार्ड काढला तर मालकाला सूट होती हे खरं. मात्र मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तीही नाही. पण सेन्सर बायपास करायला सांगतं कोण, हे शॉपमध्ये प्रत्येकाला ठाऊक असतं.

२१ नोव्हेंबर २०२५पासून हे सगळं सामाजिक सुरक्षा संहितेत गेलं आहे. मृत्यूला ५० टक्के आणि पूर्ण अपंगत्वाला ६० टक्के हे सूत्र तिथेही तेच आहे. घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही आता त्यात धरला आहे. याच मुद्द्यावर धाराशिवकडच्या एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याचं घर बावीस वर्षं भांडलं. २००३च्या एप्रिलमध्ये पहाटे तीनच्या पाळीला निघालेला तो माणूस वाटेतच गेला. आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये मंजूर केले, २०११मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते परत दिले तेव्हा २०२५चा जुलै उजाडला होता. त्यांच्याकडे निदान मांडायला खरी हकिगत होती.

सरकारला कायद्याची एवढी काळजी आहे तर भरपाईच्या हिशेबात जास्तीत जास्त किती पगार धरायचा ती मर्यादा आधी बघा. २०१०पासून ८ हजार होती, ती २०२०च्या जानेवारीत १५ हजार केली. म्हणजे तीस हजार पगाराच्या ऑपरेटरचा हातही त्या हिशेबात १५ हजारांचाच. महागाईप्रमाणे महागाई भत्ता हलतो, तशी ही रक्कम आपोआप का हलू नये?

पण माझी मुख्य मागणी याहून साधी आहे. २०१७पासून मालकाने कामगाराला भरपाईचा हक्क नोकरीवर घेतानाच लेखी कळवायचा होता, मराठीतसुद्धा. न कळवल्यास ५० हजारांपासून एक लाखापर्यंत दंड. मला तसा कागद एकाही गेटवर दिसला नाही. तो गेटवर मोठ्या अक्षरांत लावा. आणि एमआयडीसीच्या आसपासच्या प्रत्येक दवाखान्यात तुटलेलं बोट आलं की सोबत आलेल्या माणसाला बाजूला ठेवून जखमीलाच विचारा : कुठे लागलं? माझ्यासारख्याला विचारू नका.

त्या मुलाने गाव गाठलं, त्याचा जुना नंबर आता लागत नाही. दावा करायची दोन वर्षांची मुदत केव्हाच गेली. सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ करायची सोय त्या कायद्यात होती. आपला अंक लातूर भागात जातो. त्याने हे वाचलं तर आपल्या कार्यालयात माझा पत्ता आहे, तो त्याला जरूर द्यावा. स्टॅम्पपेपरची झेरॉक्स मी जपून ठेवली आहे, आणि दवाखान्यात खोटं मी बोललो अशी साक्ष द्यायला मी येईन.

आपला,
एक निवृत्त सुपरवायझर, भोसरी