आमच्या शाळेच्या ऑफिसातल्या भाऊसाहेबांना

आदरणीय भाऊसाहेब,
सा. न. वि. वि.

माझ्या धाकट्या बहिणीचा दहावीचा निकाल लागला. शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागलाय, त्यावर पहिल्या पाच मुलांचे फोटो आहेत, खाली 'राज्यस्तरीय धावपटू' म्हणून आमच्या धाकटीचा फोटो आहे. विषयशिक्षकांची नावं आहेत, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची आहेत. सगळ्यांनी कष्ट घेतले, त्यांचा मान त्यांना मिळालाच पाहिजे. पण तुमचं नाव त्यावर कुठंच नाही, आणि ते मला लागलं. शिक्षक दिनाला आम्ही सरांना, मॅडमना गुलाब द्यायचो. ऑफिसच्या खिडकीपाशी गुलाब घेऊन गेलेलं मूल मी तरी पाहिलं नाही. म्हणून हे पत्र जाहीर लिहिते आहे. आपल्या शाळेतून शिकून पुण्या-मुंबईला पांगलेली मुलं ते वाचतील आणि त्यांनाही तुमची आठवण येईल.

ज्यांना आमचा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. माण तालुका म्हणजे सातारा जिल्ह्याची पूर्वेकडची, पावसाने पाठ फिरवलेली बाजू. आमचे वडील मेंढपाळ. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरांबरोबर फिरणारा आमचा मुक्काम, हलतो, मेंढरं कृष्णाकाठाच्या रानात बसायला जातात, आणि वळवाचे ढग दिसू लागले की माघारी येतात. आईही त्यांच्याबरोबर. आम्ही दोघी बहिणी गावात आजीपाशी. म्हणजे शाळेचा नेमका महत्त्वाचा काळ, फॉर्म भरायचा, फी भरायची, सराव परीक्षांचा, तेव्हा घरात सही करायला कुणी नाही. आजीचा अंगठा, तोही शाई सापडली तर. 'पालकांना घेऊन ये' हे साधं वाक्य आमच्यासारख्या पोरांना किती जड जातं, हे वर्गातल्या प्रत्येकाला कळत नसे. तुम्हाला ते पहिल्याच वर्षी कळलं. तुम्ही वडिलांचा नंबर तुमच्या टेबलाच्या काचेखालच्या कागदावर लिहून ठेवलात. त्या कागदावर आमच्यासारख्या कितीतरी घरांचे नंबर होते, आणि प्रत्येकापुढे तुमच्या बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं: कोण कुठल्या कारखान्याला ऊसतोडीला गेलंय, कुणाचा वाडा सध्या कुठं आहे, फोनला रेंज कधी असते.

माझा जन्म वाड्यावरचा. रस्त्यात कुठंतरी, रानात. त्याची नोंद कुठल्याच ग्रामपंचायतीत नाही. पहिलीत घालताना गुरुजींनी रीतीप्रमाणे १ जून लावला. पुढं आधार कार्ड काढताना आजीने नुसतं साल सांगितलं, तर मशीनने १ जानेवारी घातला. आईचं नाव रेशनकार्डावर माहेरचं, आधारवर लग्नात ठेवलेलं. अशी मी कागदोपत्री दोन तारखांची आणि दोन आयांची मुलगी होते, आणि आठवीपर्यंत त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

मग एनएमएमएसची परीक्षा झाली. ज्यांच्या घरी शिकणारं मूल आहे त्यांनी ही परीक्षा नीट समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती. परीक्षा आठवीत, आपल्याकडे ती पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. बौद्धिक क्षमतेचा एक पेपर, शालेय विषयांचा एक, दोन्ही ९० गुणांचे. महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ मुलांचा. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. मूल शासकीय, जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं आणि पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. मुलं परीक्षा पास होतात, पेपरात नाव छापून येतं, सत्कार होतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. पोर्टलवर अर्ज भरायचा, आधारवरचं नाव नि तारीख शाळेच्या नोंदीशी जुळायला हवी, खातं आधारशी जोडलेलं हवं, मग शाळेने पडताळणी करायची, मग जिल्ह्याने. आणि हे एकदा नाही, दरवर्षी नूतनीकरण. मुदत चुकली की त्या वर्षाचे पैसे गेले. माझ्या नर्सिंगच्या वर्गात अशा दोन मुली आहेत, ज्या परीक्षा पास झाल्या होत्या आणि एक रुपया हाती आला नाही. त्यांच्या शाळेत तुम्ही नव्हता, एवढाच फरक.

माझा अर्ज तारखेवर अडला, तेव्हा तुम्ही मला ऑफिसात बसवून घेतलंत. लाल कापडी पुठ्ठ्याचं ते भलंमोठं जनरल रजिस्टर टेबलावर उघडलंत आणि माझी ओळ दाखवलीत. शाळेतल्या माझ्या असण्याचा मूळ पुरावा म्हणजे ती ओळ, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तुम्ही म्हणालात, "बाळ, हे आत्ता दुरुस्त करायचं. दहावीचं सर्टिफिकेट निघालं, शाळा सुटली, की मग एका अक्षरासाठी चपला झिजतात." आधारवरची तारीख शाळेच्या नोंदीप्रमाणे करून घ्यायला फोटो लावून, शिक्का मारून, मुख्याध्यापकांच्या सहीचं बोनाफाईड दिलंत. दहिवडीला आधार केंद्रावर कुठल्या दिवशी गर्दी कमी असते तेही सांगितलंत. आईच्या नावाचं काम लांबलं, त्याचा प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे साताऱ्याला गेला. तो परत येईपर्यंत तुम्ही पाठपुरावा सोडला नाही, आणि आम्हाला एकदाही सांगितलं नाही की त्यापायी तुमचा किती वेळ गेला. आज माझ्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आईचं नाव बरोबर आहे. तिला वाचता येत नाही. मी बोट ठेवून दाखवलं, तर ती बराच वेळ बघत बसली होती.

त्या शिष्यवृत्तीच्या पैशातून नववी-दहावीची पुस्तकं, चष्मा, अकरावीतला खोलीभाड्याचा वाटा निघाला. वडिलांना एकाही वर्षी त्यासाठी बकरं विकावं लागलं नाही. आज मी नर्सिंगला आहे, त्यातला मोठा भाग त्या नूतनीकरणांचा आहे, जी तुम्ही दरवर्षी न चुकता करून घेतलीत. आधी आमच्या वर्गात येऊन नावं वाचायचात, मग प्रार्थनेनंतर पुन्हा, आणि तरीही कुणी राहिलं तर घरी निरोप.

दुसरी एक गोष्ट तुमच्याबद्दल सांगायचीच आहे. ऑफिसच्या खिडकीपाशी नेहमी रांग असायची, मागे दहावीतली टवाळ पोरं उभी असायची. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, फी राहिल्याची गोष्ट, या सगळ्या बाबी खिडकीतून मोठ्याने बोलल्या गेल्या की मुलाची मान खाली जाते. तुम्ही कधीच मोठ्याने बोलला नाहीत. "आत ये" म्हणायचात. आत बाकावर बसवून हळू आवाजात विचारायचात, आणि जाताना एखादी चिठ्ठी द्यायचात, म्हणजे बाहेरच्यांना वाटावं काहीतरी निरोप न्यायला बोलावलं होतं. मुलांच्या मानसिक आरोग्याबद्दल आता पुष्कळ बोललं जातं, समुपदेशक यायला लागले, टेली मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ नंबर शाळेच्या भिंतीवर लागलाय, हे सगळं हवंच आहे. त्याआधीपासून तुमच्या त्या बाकावर आमची लाज राखली जात होती.

आणि ती दाखल्याची गोष्ट. नाव, गाव काही लिहीत नाही. नववीची परीक्षा झाल्यावर एका मुलीचे नातेवाईक शाळा सोडल्याचा दाखला मागायला आले. दुसऱ्या गावी शाळेत घालतो म्हणाले, पण शाळेचं नाव विचारलं तर सांगता येईना. तुम्ही हजेरीपत्रक पाहिलं होतं, महिनाअखेरीला सगळ्या वर्गांची हजेरी तुमच्याकडे येते. ती मुलगी मार्चपासून अधूनमधून गैरहजर राहत होती, हे तुमच्या ध्यानात होतं. तुम्ही त्यांना अर्ज लिहायला लावला, कारण भरायला लावलं, मुलीला सोबत आणा म्हणालात, आणि दरम्यान आमच्या मॅडमच्या कानावर घातलंत. मॅडम मुख्याध्यापकांशी बोलल्या, मुख्याध्यापक ग्रामसेवकांशी. आपल्याकडे गावात बालविवाह रोखण्याची कायदेशीर जबाबदारी ग्रामसेवकांवर असते, हे आम्हा मुलींना त्या निमित्ताने कळलं, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबरही तेव्हाच पाठ झाला. घरच्यांशी दोन-तीनदा बोलणी झाली, ओरडाआरडा झाला, तुम्हालाही बरंच ऐकून घ्यावं लागलं. दाखला गेला नाही. ती दहावी झाली, बारावी झाली. मला तिचा मेसेज येतो तेव्हा ती तुमची चौकशी करते. हे पत्र तिच्याही वतीने आहे.

आता धाकटीचं. ती पळते हे तर गावाला माहीत होतंच. माणात पळणाऱ्या पोरींना आता कुणी हसत नाही. मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या, तेव्हापासून आमच्याकडच्या आज्यासुद्धा नातींना पहाटे उठवतात. धाकटीला घडवलं क्रीडाशिक्षकांनी, त्यांचे उपकार वेगळे आहेत आणि ते आम्ही त्यांच्या घरी जाऊन मानले. पण तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी पायरी चढताना प्रत्येक पायरीला कागद लागतो. वयाचा पुरावा, ओळखपत्र, प्रवेशिका. विभागाच्या स्पर्धेला निघायच्या आदल्या संध्याकाळी तिच्या ओळखपत्रावरचा शिक्का पुसट उठल्याचं लक्षात आलं. शाळा सुटली होती. तुम्ही सायकल वळवून परत आलात, ऑफिस उघडलंत, नवं ओळखपत्र केलंत, फोटोच्या अर्ध्यावर येईल असा शिक्का नीट दाबून मारलात आणि वाळेपर्यंत वहीने वारा घातलात. धाकटी अजून ते सांगते, आणि सांगताना शिक्का कसा मारायचा हे हाताने करून दाखवते. खेळाच्या सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव मंडळाकडे वेळेत गेला तोही तुमच्यामुळेच. चित्रकलेच्या मुलांचंही तसंच. चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेत ए श्रेणी असेल तर दहावीला ७ गुण, बी असेल तर ५, सी असेल तर ३, पण शाळेने प्रस्ताव पाठवला तर. टक्केवारीत ते गुण दिसतात, पाठवणारा दिसत नाही.

तुमच्या टेबलावर काय काय असतं हे मी जवळून पाहिलंय. शालार्थवर सगळ्यांचे पगार, यू-डायस आणि सरल या सरकारी पोर्टलांवर भरायची माहिती, दहावीचे आवेदनपत्र, पासांची यादी, दाखले, टपाल. मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, पण त्या पासाच्या यादीवरचं प्रत्येक नाव कुणीतरी तपासलेलं असतं. हे सगळं एकट्या लेखनिकाने करायचं, आणि रात्री सर्व्हर चालतो म्हणून रात्री घरी बसून करायचं. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची पदं भरा, अशी मागणी तुमच्या संघटना इतकी वर्षं करताहेत. ती मागणी मुलांच्या हिताची आहे, हे पालकांनी मोठ्याने म्हटलं पाहिजे, आणि मी या पत्रातून ते म्हणते आहे.

येत्या आठवड्यात धाकटी दाखला न्यायला येईल. अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन आहेत, अर्जाचा पहिला भाग आम्ही भरलाय, तेवढा एकदा नजरेखालून घालावा. या खेपेला वडील सोबत असतील, मेंढरं गावात आलीत. त्यांनी आपल्याच लोकरीची घोंगडी तुमच्यासाठी सनगरांकडून विणून घेतली आहे. ती घ्यावी, नाही म्हणू नये, त्यांना वाईट वाटेल.

आणि एक. येत्या १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर तुमचा सत्कार व्हावा, असा अर्ज आम्ही माजी विद्यार्थ्यांनी सह्या करून मुख्याध्यापकांच्या नावे टपालाने पाठवला आहे. आवक नोंदवही तुमच्याकडेच असते. तुमचा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून हात जोडून सांगते: तो अर्ज बाजूला ठेवू नका, आवक क्रमांक टाकून त्याच दिवशी साहेबांच्या टेबलावर ठेवा.

तुमची,
एक माजी विद्यार्थिनी
(आणि घरचे सगळे)