पुढच्या पंचवीस वर्षांचा चेक

पुणे,
रविवार, 14 डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर बाबा "बरं" म्हणून फोन आईच्या हातात देतात, आई "जेवलीस का" विचारते आणि मुद्दा राहून जातो. म्हणून लिहितेय. बाबा, आधी शेवटपर्यंत वाचा, मग रागवा.

रिसॉर्टच्या मेंबरशिपचं नूतनीकरण मी रद्द केलंय. तुम्ही दिलेला तीन लाख चाळीस हजारांचा चेक वटवलाच गेला नाही. तो परत आलाय आणि याच पाकिटात आहे. तुम्ही सही केलेल्या कागदाच्या मागे बारीक अक्षरात छापलं होतं, दहा दिवसांत रद्द करता येईल म्हणून. मी सातव्या दिवशी कळवलं. त्यामुळे कलम 138, चेक न वटल्याचा गुन्हा वगैरे डोक्यात आणू नका. आईनं कागदांचे फोटो पाठवले ते मी दोनदा मागितल्यावर. तिच्याशी अबोला धरू नका.

आता अवघड भाग. रद्द करायची ईमेल तुमच्या पत्त्यावरून गेली. पासवर्ड मीच लावून दिला होता. खाली तुमचं नाव टाइप केलं तेव्हा मला दादाचं सातवीतलं प्रगतिपुस्तक आठवलं. त्यानं तुमची सही मारली होती. तुम्ही ओरडला नाहीत, फक्त "बँकेत याला काय म्हणतात माहितीय का?" एवढंच विचारलंत आणि दोन दिवस त्याच्याशी बोलला नाहीत. दार लोटून मी आत रडत बसले होते, आणि आता पन्नाशीला आल्यावर त्यानं केलं तेच करून बसले. विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, म्हणून विचारलं नाही. एवढं खरं आहे, पुढचं सगळं समर्थन समजा.

तुमचीच लांब वही घ्या. मार्च 2001 पासून पंचवीस वर्षं, दर वर्षी सात रात्री, म्हणजे 175. तुमच्या अक्षरात नोंद आहे 71 रात्रींची. आपण सगळे एकत्र गेलो ते चार वेळा. वार्षिक फी मात्र एकदाही चुकली नाही, कारण ती तुमच्या खात्यातून जात होती. सुरुवातीला चार हजार आठशे होती, गेल्या वर्षी 18 टक्के जीएसटी धरून बावीस हजारांच्या पुढे गेली.

यात तुमचं चुकलं असं मी म्हणत नाहीये. टाइमशेअरची कल्पना आल्प्समध्ये 1960 च्या दशकात कशी निघाली, एका खोलीची 52 आठवड्यांत वाटणी कशी होते, अमेरिकेत 1974 साली निघालेल्या आरसीआयमार्फत आपला आठवडा देऊन परदेशातला कसा घेता येतो, हे तुम्ही आम्हाला फळ्यावर लिहावं तसं समजावलं होतं. दादानं तेव्हा स्वित्झर्लंडचा नकाशा भिंतीला लावला. विमानाचं भाडं आपलं आपण काढायचं हे दुसऱ्या बैठकीत कळलं. पण 52 आठवड्यांच्या त्या गणितात एक गोम होती. महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांना सुट्टी एकाच वेळी. मे महिना आणि दिवाळी. सगळ्या मेंबरांना हवे ते सहा-सात आठवडे, बाकीचे पंचेचाळीस कुणी घ्यायचे? तुम्ही घेत होतात. जुलैत, धुक्यात, दोघंच. आईनं स्वेटर विणायला घेतले ते तिथेच.

आणि कंपनीचा तो मुलगा, जो चॉकलेटचा डबा घेऊन आपल्या ओट्यावर बसला, त्यानं पुन्हा पंचवीस वर्षं म्हटलं तेव्हा तुम्ही आकडा केला होता का? बाबा, 2051. तुम्ही 103 वर्षांचे असाल. असावंतच, माझी काही हरकत नाही, पण नाश्त्याच्या रांगेत प्लेट धरून उभं राहायला नको. नातवंडांच्या नावावर करून देईन म्हणालात. नातवंडांना कुठे जायचं ते त्यांना आदल्या रात्री कळतं. आणि त्यासाठी एफडी मुदतीआधी मोडलीत! काउंटरवर येणाऱ्या माणसांना एफडी मोडू नका म्हणून चहा पाजून परत पाठवणारे तुम्ही.

मला माहितीय ते पैसे कशाचे होते. व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतली तेव्हा शाखेतल्या कुणी फ्लॅट घेतला, कुणी मुलाला दुकान टाकून दिलं. तुम्ही आम्हाला एकत्र आणायचा आठवडा विकत घेतलात. त्यामुळे रद्दची ईमेल पाठवायचं बटण दाबताना माझा हात थरथरला, हे लिहायचं नव्हतं पण लिहिलं.

भाऊबीजेच्या रात्री गच्चीवर आपण सगळ्यांना आवडेल असं रिसॉर्ट बांधलं ते आठवतंय? मी मुद्दामच विषय काढला होता. लग्नपत्रिकेच्या मागे लिहिलेली ती यादी माझ्याकडे आहे. दादाला गाडी थेट दारात आणि नेटवर्क फुल्ल. वहिनीला नेटवर्क अजिबात नसलेलं, म्हणजे दादा मोकळा. पोरांना घसरगुंडीचा पोहण्याचा तलाव. ह्यांना किल्ला, जवळ पण चढायला अवघड. आत्याला उपासाचं मिळायला हवं आणि शेजारी मासेही, कारण तिचे उपास तुम्हाला माहितीच आहेत. बाबांना पहाटे साडेपाचला कढत पाणी, सहाला पेपर, आणि जेवायच्या खोलीत गाणी नकोत. महाबळेश्वरची हवा, कोकणचा समुद्र आणि सांगलीचं पाणी एका आवारात बसवता बसवता आपण हसून लोळलो. मग मी आईला विचारलं. ती आधी म्हणाली, मला काय, तुम्ही सगळे असलात की झालं. मी सोडलं नाही. तेव्हा म्हणाली, "जिथे सकाळी मला कुणी विचारणार नाही, आज नाश्त्याला काय."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. त्या चारही सहलींत खोलीतल्या छोट्या ओट्यावर आईनं अकरा माणसांचे पोहे केले, कारण खालचा नाश्ता माणशी साडेतीनशे होता. पंचवीस वर्षांत तिला सुट्टी मिळाली ती फक्त ओट्याची जागा बदलण्यापुरती. आम्ही खाल्ले आणि टेबललँडवर घोड्यांवर बसायला गेलो. "तुम्ही या जाऊन, आम्ही बसतो." हे वाक्य तुम्ही दोघांनी इतक्यांदा म्हटलंत की आम्हाला ते खरंच वाटायला लागलं. पाचगणीच्या ओल्या बाथरूममध्ये बाबा पडले तेव्हाही आम्ही टेबललँडवरच होतो. ते कळलं तीन आठवड्यांनी, डॉक्टर बोलून गेले म्हणून. तुम्ही लपवलंत त्याबद्दल मी काही बोलत नाही, सध्या मला तो हक्क नाही.

तर मी दुसरं ठरवलंय. ठरवलंय म्हणजे बुक केलंय. फेब्रुवारीत, बुधवार 11 ते शनिवार 14, गणपतीपुळ्याच्या शेजारी मालगुंडला. ही कंपनी नाही, मेंबरशिप नाही. एका काकूंचं चिऱ्याचं घर आहे, मागे पोफळी, पुढे अंगण, तीन खोल्या आणि सगळ्या तळमजल्यावर. मी आणि हे गेल्या महिन्यात जाऊन राहून आलो. दोन पायऱ्या आहेत, उंबरठ्याची धरून तीन. कमोड आहे, उंच आहे, मी बसून पाहिलं. बाजूला धरायला दांडी नव्हती, काकूंनी माझ्यासमोर गवंड्याला फोन केला आणि परवा फोटो पाठवला. पलंग बाबांच्या गुडघ्याला बरोबर येतो. बंब आहे, त्यामुळे साडेपाचला कढत पाणी. कमर शेकायचा पट्टा लावायला प्लग पलंगाशेजारीच आहे. मच्छरदाण्या आहेत. पेपर मात्र साडेआठला येतो. हा दोष मी लपवत नाही. आदल्या दिवशीचं शब्दकोडं मी कापून आणेन, तोवर ते सोडवा.

आई, सकाळी घावन, रात्री मऊभात-मेतकूट किंवा कुळथाची पिठी, मासे हवे त्याला मासे. त्यांच्या स्वयंपाकघरात तुला शिरू देणार नाहीत, मी तशी अट घातलीय. काकू हसल्या, म्हणाल्या, माझीही आई अशीच होती.

दादा महाराष्ट्र एक्स्प्रेसनं सांगलीला येईल. पोरांची तीन दिवस शाळा बुडेल. बुडू दे. मी मंगळवारी रात्री गाडी घेऊन येते, बुधवारी उजाडल्यावर निघू. मलकापूरला चहा, मग आंबा घाट. आईनं घाटाच्या पुरेसं आधी अ‍ॅव्होमिनची गोळी घ्यायची, आवळासुपारीवर भागवायचं नाही. गणपतीपुळ्याचं देऊळ समुद्राच्या कडेलाच आहे. पण टेकडीभोवतीची प्रदक्षिणा जवळजवळ एक किलोमीटरची, बाबांनी ती घालायची नाही. बसायला जागा आहे तिथे बसून हात जोडले तरी पोचतात. आणि तिथला समुद्र फसवा आहे, पोरं गुडघ्याच्या वर पाण्यात गेली तर आजोबांनी ओरडायचं. ते काम तुमचं. रत्नागिरीचं सिव्हिल हॉस्पिटल पंचवीसेक किलोमीटरवर आहे, रस्ता आरे-वाऱ्याचा, मी रात्रीही चालवून पाहिलाय. लागणार नाही, पण पाहिलाय.

गुरुवारी बाबांसाठी थिबा राजवाडा. मला आधी तो कंटाळवाणा वाटायचा, यावेळी वेगळंच डोक्यात आलं. ब्रह्मदेश घेतल्यावर इंग्रजांनी त्या राजाला रत्नागिरीत आणून ठेवलं आणि 1910 साली हा वाडा बांधून दिला. हवा उत्तम, खाडीचा देखावा, दिमतीला माणसं. फक्त परत जायची परवानगी नाही. 1916 साली तो तिथेच गेला. माणसाला काय आवडेल ते त्याला न विचारता ठरवून टाकणाऱ्यांत आता माझंही नाव घाला, पण तुम्हाला मालगुंड नाही आवडलं तर दुसऱ्याच दिवशी परत फिरायचं, हा शब्द आहे.

तुम्हाला आठवतंय, 1986 च्या एलटीसीत, बँकेच्या प्रवास सवलतीत, आपण एसटीनं त्याच किनाऱ्यावर गेलो होतो? आईच्या पिशवीत स्टोव्ह, दादाला गाडी लागलेली. संध्याकाळी पाण्यात तुम्ही माझा हात धरला नव्हतात, मनगट धरलं होतंत. "हात सुटतो, मनगट सुटत नाही." लाट मागे जाताना पायाखालची वाळू निसटायची आणि मी ओरडायचे. या वेळी ओल्या वाळूत मी तुमचं मनगट धरणार आहे. तुम्ही झटकणार. झटका, पण कोरड्या वाळूवर आल्यावर.

आता ऐका. रक्त पातळ करायची आणि बीपीची, दोन्ही गोळ्या दोन वेगवेगळ्या पिशव्यांत, प्रत्येकीत आठ-आठ दिवसांच्या, एक आईच्या पर्समध्ये आणि एक बाबांच्या खिशात. मोठ्या बॅगेत नको. जुने स्लीपर आणायचे नाहीत, नवीन पाठवलेत ते घालायला सुरुवात करा, खोक्यातच ठेवू नका. मोतीबिंदूनंतरचा काळा चष्मा आईनं घालायचा, सिनेमातल्यासारखा दिसतो म्हणून काढून ठेवायचा नाही. बाबांनी 10 जानेवारीच्या आत रक्त तपासून घ्यायचं. एफडी नव्यानं करताना ज्येष्ठ नागरिकांचा दर घेतलाय ना ते बघा. बघालच म्हणा.

मेंबरशिपचं कार्ड फेकू नका, वहीला लावून ठेवा. आणि बाबा, वहीत पुढची ओळ मोकळी सोडा. मालगुंडच्या तीन रात्री तुम्हीच लिहायच्या, त्यांचे पैसे मी भरलेत हा तपशील गाळून.

रागावला असलात तर दोन दिवस बोलू नका, चालेल. तिसऱ्या दिवशी फोन करा.

तुमची,
चिमी

ता. क. बाबा, ईमेलचा पासवर्ड बदलायचा असेल तर जरूर बदला. पण बदललात की मला सांगा, लाइट बिल त्याच्यावरच येतं.