रग्बी लीग क्लबचे समाजकार्य सामना संपल्यावर दिसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रग्बी लीग क्लबांच्या समाजकार्याबद्दल जे छापून येते, ते बहुधा फोटोच्या निमित्ताने. खेळाडू रोप लावताना, शाळेत मुलांसोबत, किनाऱ्यावर कचरा वेचताना. त्यात खोटे काही नसते. पण क्लब परिसराची काळजी घेतो की नाही, हे त्या एका दिवसावरून कळत नाही. ते सामना संपल्यानंतरच्या तासाभरात कळते. ड्रेसिंग रूमच्या फरशीवर, बाटल्यांच्या क्रेटमध्ये आणि मैदानाकडेच्या गटारात ते दिसते. ज्या क्लबात ही कामे नावानिशी नेमून दिलेली असतात तिथे ती टिकतात. वर्षातून एकदा सप्ताह साजरा केल्याने टिकत नाहीत. याविषयी थोडे तपशिलात लिहावेसे वाटते.

रग्बी लीग हा रग्बीचाच एक प्रकार, आणि तो जन्मला तोच कामकरी वस्त्यांमध्ये. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडमधले क्लब जमले आणि रग्बीच्या मूळ संघटनेतून, म्हणजे रग्बी युनियनमधून, बाहेर पडले. खाणीत, गिरणीत राबणारा माणूस शनिवारी खेळायला गेला की त्याची मजुरी बुडे. ती भरून देण्याची मुभा हवी, एवढीच त्यांची मागणी होती. पुढे १९०६ मध्ये संघ १५ वरून १३ खेळाडूंचा झाला आणि खेळाला आजचे रूप येऊ लागले. त्यामुळे या खेळात क्लब आणि वस्ती या दोन गोष्टी कधी फार लांब गेल्या नाहीत. सिडनीत साउथ सिडनी क्लबाने २००६ मध्ये ‘साउथ्स केअर्स’ ही समाजकार्याची स्वतंत्र संस्था काढली. लीड्स क्लबचा माजी खेळाडू रॉब बरो मोटर न्यूरॉन या स्नायू निकामी करणाऱ्या आजाराने खिळला, तेव्हा त्याचा जुना कर्णधार केव्हिन सिनफील्ड डिसेंबर २०२० मध्ये सात दिवसांत सात मॅरेथॉन धावला आणि २० लाख पौंडांहून अधिक निधी उभा राहिला. लोकांचा विश्वास असा मिळतो. तोच विश्वास रोजच्या साध्या कामांत वापरता येतो, आणि तिथेच बरेच क्लब कमी पडतात.

टेपपासून सुरुवात करू. मैदानावर १३ आणि बदलीला सहसा ४, म्हणजे एका संघाचे १७ खेळाडू. घोटे, मनगटे, बोटे, मांड्या यांवर झिंक ऑक्साइडच्या चिकाची कडक टेप लावली जाते. ती बहुधा ३८ मिलिमीटर रुंद असते. सामना संपला की ती कात्रीने कापून तिचा बोळा करतात आणि बसल्या जागी टाकतात. हा बोळा ओल्या फरशीला चिकटतो, झाडूला येत नाही. मग कुणीतरी पाइप लावून फरशी धुतो आणि बोळे जाळीतून गटारात जातात. उपाय साधा आहे. डबा दाराशी न ठेवता बाकाजवळ, टेप कापतात तिथे ठेवायचा आणि बोथट टोकाची कात्री त्या डब्यालाच दोरीने बांधायची. कात्री जिथे, टेप तिथेच पडते. रक्त लागलेली टेप आणि कापूस वेगळ्या बंद पिशवीत गेला पाहिजे. रक्त येत असलेल्या खेळाडूला मैदान सोडावे लागते, म्हणून मैदानाच्या कडेलाही अशी एक पिशवी हवी. टेपचा पुनर्वापर होत नाही, कारण कापड आणि चिकट थर वेगळे करता येत नाहीत. आतली पुठ्ठ्याची नळी मात्र कागदात जाते. सरावाला दर वेळी घोटा टेप करण्याऐवजी लेस बांधायचा ब्रेस (घोट्याला आधार देणारा पट्टा) चालेल का, हे फिजिओला विचारावे. ज्यांना चालतो त्यांच्यापुरता तरी टेपचा मोठा भार कमी होतो.

पाण्याच्या बाटल्यांचा हिशेब अगदी सरळ आहे. १७ खेळाडू आणि ५ सहायक धरा, प्रत्येकी अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या धरा. एका सामन्याला ६६, वीस सामन्यांना १,३२०. सराव वेगळा. पुन्हा भरायच्या बाटल्या आणल्या की हे सगळे वाचायला हवे, पण पहिल्या महिन्यानंतर बंद बाटल्यांचे खोके गुपचूप परत येतात. कारण झाकणात असते. झाकण न उघडता बाटली नुसती विसळली की वॉल्व्हखालच्या रबरी चकतीला ओल राहते, तिथे काळी बुरशी धरते आणि तोंडाला कुबट वास येतो. मग खेळाडू त्या बाटलीला हात लावत नाहीत, आणि त्यांचे बरोबरच असते. म्हणून प्रत्येक सामन्यानंतर झाकण, वॉल्व्ह आणि चकती सुटी करायची, कोमट साबणाच्या पाण्यात बारीक ब्रशने घासायची, स्वच्छ पाण्यातून काढायची आणि जाळीवर उघडीच उपडी ठेवायची. झाकण लावायचे ते दुसऱ्या दिवशी, पूर्ण सुकल्यावर. साखर असलेले पेय या बाटल्यांत कधीच भरायचे नाही. त्यासाठी वेगळ्या रंगाच्या बाटल्या ठेवाव्यात. आणि बाटली तोंडाला न लावता धार घेण्याची सवय लावावी, नाहीतर एकाची सर्दी अख्ख्या संघाला होते.

प्रेक्षकांच्या कचऱ्याचे गणित वेगळे आहे. ८० मिनिटांच्या सामन्यात मध्यंतर १० मिनिटांचे असते आणि कचऱ्याच्या डब्यांवर खरी गर्दी त्याच १० मिनिटांत होते. म्हणून डबे पहिल्या सत्राच्या ३५ व्या मिनिटाच्या सुमारास रिकामे करून ठेवावेत. मध्यंतर सुरू झाल्यावर कुणाला वाट मिळत नाही. पेयांच्या रिकाम्या बाटल्या-डब्यांचा पिंप आणि साध्या कचऱ्याचा पिंप एकमेकांना खेटूनच हवेत. एक इथे, दुसरा वीस पावलांवर असे केले की जो जवळ असेल त्यात सगळे जाते. बाटल्यांच्या पिंपाला बाटली जाईल एवढ्याच गोल भोकाचे झाकण असावे. शेजारी उरलेले पेय ओतायला बादली ठेवावी. ही बादली विसरली की पिशवीचे वजन वाढते, कागद भिजतो आणि पुढे पूर्ण पिशवी नाकारली जाते.

कपांबाबत फार गैरसमज आहेत. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे तो साध्या कागदाच्या रद्दीत चालत नाही. ‘कंपोस्ट होणारे’ म्हणून विकले जाणारे पीएलएचे (वनस्पतीपासून बनवलेल्या प्लास्टिकचे) पारदर्शक कप कुजायला जवळपास ६० अंश सेल्सिअसचे औद्योगिक कंपोस्टिंग लागते. क्लबच्या मागच्या खतखड्यात ते तसेच राहतात आणि चुकून बाटल्यांत गेले तर तो मालही खराब करतात. तसा कारखाना कचरा उचलत नसेल तर असे कप घेऊच नयेत. अनामत ठेवून परत घ्यायचे जाड कप चांगले, पण परतीची खिडकी शेवटच्या शिट्टीनंतर किमान अर्धा तास उघडी हवी. ती लवकर बंद केली की लोक कप भिंतीवर ठेवून निघून जातात. धुतलेले कप ओले असताना एकात एक घालू नयेत.

ऑस्ट्रेलियातल्या क्लबांना बाटल्या-डब्यांतून पैसेही मिळतात. न्यू साउथ वेल्समध्ये १ डिसेंबर २०१७ पासून आणि क्वीन्सलँडमध्ये १ नोव्हेंबर २०१८ पासून परत केलेल्या पेयाच्या पात्र डब्या-बाटलीमागे १० सेंट मिळतात. आकार १५० मिलिलिटर ते ३ लिटर. इथली नेहमीची चूक म्हणजे जागा वाचवायला स्वयंसेवक डबे चेपतात. न्यू साउथ वेल्समध्ये तर डबा रिकामा, न चेपलेला आणि लेबलासकट असावा लागतो. चेपलेला डबा यंत्र परत करते. या पैशातून लहान मुलांच्या संघांचे चेंडू येतात ही उत्तम गोष्ट. मात्र पैसे मिळतात म्हणून खेळाडूंसाठी बंद बाटल्या घेत राहणे चूक आहे. प्रेक्षकांनी आणलेले डबे त्यासाठी पुरेसे असतात.

आता मैदान. गोलरेषेपासून गोलरेषेपर्यंत १०० मीटर आणि रुंदी ६८ मीटर धरली तर ६,८०० चौरस मीटर होतात. त्यावर १० मिलिमीटर पाणी म्हणजे ६८,००० लिटर. रोज थोडे थोडे पाणी दिल्याने मुळे वरच राहतात आणि पहिल्याच टॅकलला (चेंडूवाल्याला धरून पाडताना) गवत गालिच्यासारखे उचलले जाते. त्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड, पहाटे, खोल पाणी द्यावे. स्प्रिंकलर सगळीकडे सारखे पाणी देतो का, हे बघायला सरळ कडांचे दहा-बारा रिकामे डबे मैदानावर मांडावेत, १५ मिनिटे पाणी सोडावे आणि पट्टीने मोजावे. एका डब्यात ३ मिलिमीटर आणि दुसऱ्यात ९ निघाले तर आधी नोझल साफ करायचे. पाण्याची वेळ वाढवायची नाही.

रग्बी लीगमध्ये प्रत्येक टॅकलनंतर चेंडू पायाने मागे सोडून खेळ पुन्हा सुरू होतो. एका संघाला असे सहा टॅकल मिळतात आणि यातले बरेचसे मैदानाच्या मधल्या पट्ट्यात होतात. तिथली आणि गोलखांबांपुढची माती दगडासारखी दबते. वर पाणी साचलेले दिसते म्हणून पाणी जास्त झाले असे वाटते, पण चार बोटांखाली माती कोरडी ठणठणीत असते. लांब स्क्रू-ड्रायव्हर हाताने १५ सेंटिमीटर आत गेला नाही तर तिथे पाणी नको, आधी भोके हवीत. पोकळ दातांच्या यंत्राने ८-१० सेंटिमीटर खोल नळकांड्या काढायच्या, त्या उचलायच्या आणि वाळू झाडूने भोकांत लोटायची. माती ओलसर असताना हे करावे, चिखलात कधीच नाही. कापलेले गवत पातळ असेल तर तिथेच सोडावे, त्यातले नत्र मैदानाला परत मिळते. मात्र एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. जोराच्या पावसाआधी खत टाकू नये. पायवाटेवर सांडलेले दाणे गवतात झाडून घ्यावेत, नाहीतर पहिल्या सरीत ते गटारात जातात.

मैदानावर रेषा आखायच्या फक्कीबद्दल मात्र कडक राहायला हवे. भिजवलेला चुना रेषांसाठी वापरू नये. तो दाहक असतो, आणि तोंड जमिनीला लागणाऱ्या या खेळात तो डोळ्यांत, खरचटलेल्या त्वचेत जातो. रेषा टिकावी म्हणून त्यात तणनाशक मिसळणे त्याहून वाईट. खडूची भुकटी किंवा पाण्यातला रंग वापरावा. यंत्र धुतलेले पाणी पावसाच्या गटारात न ओतता पुढच्या वेळी रंग पातळ करायला ठेवावे.

कृत्रिम मैदान असेल तर प्रश्न कृत्रिम गवतात भरलेल्या रबरी दाण्यांचा. इंग्लंडच्या सुपर लीगमध्ये विडनेसने २०१२ च्या हंगामात असे मैदान पहिल्यांदा वापरले. युरोपीय संघाने २०२३ मध्ये सूक्ष्म प्लास्टिकवर जे निर्बंध आणले, त्यांत अशा दाण्यांची विक्री २०३१ पासून बंद होणार आहे. तोवर असलेले दाणे मैदानातच ठेवायचे. बाहेर पडायची वाट एकच ठेवावी, तिथे ब्रशची जाळी, बूट-मोजे झटकायला बाक आणि गटारांना गाळणी. गाळणी आठवड्याला रिकामी केली नाही तर ती तुंबते आणि कुणीतरी काढूनच टाकतो.

बुटांची पेढी, म्हणजे लहान झालेले बूट गोळा करून गरजू मुलांना देणे, हा समाजकार्य आणि बचत यांचा सर्वांत सोपा मेळ आहे. मुलांचे पाय बूट झिजण्याआधीच वाढतात. बूट मैदानावरच कोरडे घासून घ्यावेत, म्हणजे माती आणि तणाचे बी तिथेच राहते. जोडी लेसने बांधून मापाची चिठ्ठी लावावी. तळव्याच्या प्रत्येक स्टडवरून (खुंटीवरून) अंगठा फिरवावा; धार लागलेला स्टड बदलल्याशिवाय बूट द्यायचा नाही. वाटप मुलांच्या नोंदणीच्या दिवशीच ठेवावे, वेगळ्या कार्यक्रमाला गरजू घरे येत नाहीत. जर्सी मात्र सुकलेला चिखल झाडून, मशीन पूर्ण भरून, ३० अंशांवर धुवावी. अर्ध्या भरलेल्या मशीनमध्ये पॉलिएस्टर जास्त घासले जाते आणि अधिक तंतू पाण्यात जातात.

वार्ताहरांनी क्लबला किती झाडे लावली हे जरूर विचारावे. सोबत कालच्या सामन्यानंतर किती पिशव्या निघाल्या, हेही विचारावे. उत्तर देता यावे म्हणून क्लबने साधा काटा आणून मिश्र कचरा, बाटल्या आणि पुठ्ठा यांचे वजन प्रत्येक घरच्या सामन्यानंतर कँटीनच्या फळ्यावर लिहावे. मिश्र कचऱ्याचा आकडा चढला तर हातमोजे घालून एक पिशवी ताडपत्रीवर उघडावी. त्यात एकाच टपरीचे कप जास्त निघाले, तर पुढच्या सामन्याआधी त्या टपरीवाल्याशी बोलावे.

आपला,
एक क्रीडाप्रेमी वाचक